वेग, व्होल्टेज आणि अब्बांचा फोन

गेल्या रमजानमधली गोष्ट. सेहरीला उठले तर माझा मोबाइल बंद पडलेला. चार्जिंगला लावून सुरू केला, तेव्हा अब्बांनी रात्री सात वेळा फोन केल्याचे मेसेज आले. अम्मीची साखर एकाएकी उतरली होती. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले. अल्हम्दुलिल्लाह, ती सावरली. अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, फोन लागत नव्हता.”

इफ्तारच्या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली होती. धाकट्याला विचारले. तो रडवेला होऊन म्हणाला, “मम्मी, गेम रोजच्याएवढाच वेळ खेळलो. काल फक्त परफॉर्मन्स मोड लावला होता.”

तो खोटे बोलत नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात हे कधी समजावले नव्हते. त्या दिवशी असरनंतर त्याला कागद-पेन घेऊन बसवले.

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. वेग 1 गिगाहर्ट्झ असेल, तर सेकंदाला 100 कोटी ठोके पडतात आणि त्या ठोक्यांवर स्विच उघडतात, मिटतात. प्रत्येक वेळी थोडी वीज खर्च होते. वेग वाढवला की स्विचला कमी वेळात उघडमीट करावी लागते, म्हणून व्होल्टेजही वाढवावे लागते. खरी गोम इथेच आहे. हा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा, वेग 1 वरून 2 गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज 0.7 वरून 1 करावे लागले. 0.7 चा वर्ग 0.49, म्हणजे साधारण अर्धा. तेव्हा व्होल्टेजमुळे खर्च दुप्पट, वेगामुळे पुन्हा दुप्पट. काम दुप्पट, खर्च चौपट! शिवाय फोन तापतो, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. स्क्रीन आणि नेटवर्क यांचा खर्च आणखी वेगळा.

म्हणूनच फोन एरवी स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी-जास्त करत असतो. घड्याळ दाखवायला कमी, व्हिडिओ कॉलला जास्त. बॅटरी सेव्हर लावला की बहुतेक फोन प्रोसेसरचा कमाल वेगही कमी करतात. परफॉर्मन्स मोड मात्र गरज नसतानाही त्याला पळवत ठेवतो.

मुलगा हिशेब पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे हा इसराफच झाला ना?”

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, हे आपण मुलांना शिकवतो. विजेचे थेंब दिसत नाहीत, म्हणून ते सांगायचे राहून जाते. चूक त्याची एकट्याची नव्हती. फोन उशाशी ठेवताना बॅटरी किती उरली आहे, हे मीही पाहिले नव्हते.

आता इशानंतर माझा फोन कुणाच्या हाती जात नाही. झोपण्याआधी धाकटाच येऊन बॅटरी पाहतो आणि विचारतो, “नानाजींचा फोन आला तर लागेल ना?”