बटणाच्या दुसऱ्या टोकाला

ऐरोली, रविवार

ती. वहिनींस,


तुमचं पत्र काल दुपारी आलं. रात्री पुन्हा काढून वाचलं. शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ सगळ्यांनी पृथ्वीसाठी दिवे मालवावेत, अशी सूचना तुम्ही स्वतःच्या अक्षरात सोसायटीच्या फलकावर लावलीत, आणि खाली मला हुकूम, की कॉम्प्युटरच्या कळांची यादी करून पाठवा, माऊसनं मनगट दुखतं. नातू म्हणाला, ‘आजी, तू राहू दे, मी करून देतो’, हे एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी त्या ओळीपाशी थांबलो. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून, भाड्याच्या मशीनवर सराव करून जिनं चाळीसच्या गतीची मराठी टायपिंगची परीक्षा दिली, तिला ‘राहू दे’? पोरगा मायेनं बोलला असेल, मान्य. पण एखाद्याच्या हातून काम काढून घेणं ही माया माणसाला लवकर म्हातारं करते. दादाचं आपण काय केलं ते आठवा. त्याच्या हातातली वर्तमानपत्राची कात्रणंसुद्धा आपणच चिकटवून द्यायला लागलो होतो.

तेव्हा शिका. जरूर शिका. पण यादी मी पाठवणार नाही, रागावू नका. यादी भिंतीवर लागते आणि भिंतीवरच राहते. टायपिंगच्या वर्गात तुम्हाला पहिल्या दिवशी अख्खा कळफलक कुणी शिकवला होता का? आधी मधली ओळ, ती हातात बसली की वरची. इथंही तसंच करा.

पहिली कळ एकच: कंट्रोल धरून झेड. केलेलं मागे घेते. बचत गटाच्या हिशेबात आकडा पुसला गेला, पत्रातला परिच्छेद उडाला, तर घाबरून नातवाला हाक मारायची नाही, ही जोडी दाबायची. ही आधी सांगतो, कारण भीती गेल्याशिवाय बोटं मोकळी होत नाहीत, आणि तुमची बोटं तर मोकळीच होती. मग कंट्रोल-एस, दर दोन ओळींनी. चंद्रपुरात उन्हाळ्यात वीज कधी जाईल हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, आणि तुमच्या यंत्राला बॅटरी नाही.

झेडच्या शेजारी ओळीनं एक्स, सी, व्ही आहेत: कापणं, नक्कल घेणं, चिकटवणं. डाव्या हाताच्या खाली चारही. त्यांच्यामागे लॅरी टेस्लर नावाचा एक माणूस आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तो आणि टिम मॉट एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेसाठी लिहिण्याची प्रणाली तयार करत होते. त्यांनी आधी तिथली संपादनाची माणसं कशी काम करतात ते बसून पाहिलं. कागद कात्रीनं कापायचा, दुसरीकडे नेऊन डिंकानं चिकटवायचा. तेच त्यांनी पडद्यावर आणलं. टेस्लरचा आयुष्यभर एक हट्ट होता: एक कळ आत्ता एक काम आणि थोड्या वेळानं भलतंच काम करते, असं होता कामा नये. हातानं कळीवर विसंबावं. 2020 च्या फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा मला दादाची कात्रणांची वही आठवली. असो.

हिशेबाच्या तक्त्यात आजची तारीख हवी तर कंट्रोल आणि अर्धविराम. रकान्याची बेरीज हवी तर ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, मग एंटर. आठवड्याला एक घ्या, त्याहून जास्त नको.

मराठी लिहिण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथं तुम्ही अडखळाल आणि दोष स्वतःला द्याल. तुमच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसली आहे. तिथं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा होत्या. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं लिहायचं: आधी क, मग वेलांटी. अर्धं अक्षर हवं तर पूर्ण अक्षर लिहून डीच्या कळीवरचा हलन्त. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. साध्या कळीवर क, तीच कळ शिफ्ट धरून दाबली की ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. ज्यानं कुणी ही मांडणी बसवली त्याला आपली वर्णमाला ठाऊक होती. महिनाभर जुनी सवय आड येईल. येऊ द्या. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत आणि परत.

आता एक कळ मुद्दाम मागे ठेवली होती. विंडोज आणि एक्स एकत्र, मग यू, मग एस. यंत्र झोपी जातं. तुम्ही जेवायला उठता, पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे ते मासे फिरत राहतात आणि तुम्हाला वाटतं यंत्र विसावलं. त्या माशांनी वीज वाचत नाही, पडदा तेवढाच जळत असतो. झोपी गेलेलं यंत्र जेमतेम एक-दोन वॅट घेतं, जागं असेल तर पडद्यासकट शंभराच्या आसपास. जेवण आणि वामकुक्षीचे दोन तास धरा. रोज.

इथून तुमच्या शनिवारकडे वळतो. माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. कळव्याच्या लोड डिस्पॅचमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट कायमची मुरते: बटण इथं दाबलं की दुसऱ्या टोकाला काहीतरी हलतं, आणि ते काय हलतं हे कळल्याशिवाय बटणाला हात लावू नये. वीज साठवून ठेवलेली नसते. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी कुठंतरी तयार होत असते, आणि दोन्ही बाजू जुळल्या की फ्रिक्वेन्सी पन्नासला राहते.

5 एप्रिल 2020 ची रात्र आठवते? नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर घरांतले दिवे बंद. तुम्ही गच्चीवर पणती लावून मला फोन केलात, मी धड बोललो नाही. माझं सगळं लक्ष फ्रिक्वेन्सीत होतं. देशाचा भार बारा-चौदा हजार मेगावॅटनं उतरेल असा अंदाज होता, उतरला एकतीस हजारानं. तो सांभाळला मुख्यतः जलविद्युत संचांनी. त्यांनी काही मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅट खाली आणले आणि मग पुन्हा चढवले. कोळशाच्या संचाला असं जमत नाही. त्याला तासाभरापुरतं झोपवून परत उठवता येत नाही, पंचावन्न टक्क्यांच्या खाली नेणंही जड जातं.

म्हणून त्या एका तासाकडून कोळसा वाचण्याची फार अपेक्षा ठेवू नका. 31 मार्च 2007 ला सिडनीत हा तास पहिल्यांदा पाळला गेला तेव्हाही त्याचा हेतू लोकांना एकत्र आणण्याचा होता, युनिटं मोजण्याचा नव्हता. तुम्ही मात्र सूचनेत ‘वीज वाचवून प्रदूषण रोखू या’ असं लिहिलं आहे, म्हणून हिशेब करतो. तुमचे चोवीस फ्लॅट. प्रत्येकात नऊ वॅटचे पाच दिवे धरा. सगळे मिळून तासाला एक युनिटाहून जरासं जास्त. देशाची सरासरी धरली तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे अख्ख्या इमारतीचं पुण्य एक किलोच्याही आत. दीड टनाचा एक एसी पूर्ण जोरात चालला तर तासाभरात त्या सगळ्या दिव्यांहून जास्त वीज खातो. पूर्वी साठ वॅटचे बल्ब होते तेव्हा दिवा मालवण्याला वजन होतं. तुमच्या सासूबाई ‘दिवा घालवा’ म्हणून ओरडायच्या ते योग्यच होतं. आता घरातला भार दुसरीकडे गेला आहे: गीझरमध्ये, एसीत, फ्रिजमध्ये, पंपात.

पंपाचं तर बोलायलाच हवं. तुमची गच्चीवरची टाकी भरून वाहते, पाणी जिन्यातून खाली येतं, हे तुम्ही मला किती पत्रांत लिहिलंत. पाच हॉर्सपॉवरचा पंप वीस मिनिटं फुकट चालला की सव्वा युनिट गेलं. तुमच्या शनिवारच्या तासात अख्खी इमारत वाचवेल त्याहून जास्त, तेही रोज, शिवाय पाणी वेगळं. टाकीत तरंगता स्विच बसवा, आणि पंप संध्याकाळी न चालवता दुपारी चालवा. फलकावर पुढची सूचना ही लावा, माझ्या नावानं लावलीत तरी चालेल.

दुपारीच का, ते सांगतो, आणि याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे. लोक विचारतात, किती वीज वाचवली? त्याबरोबर कधी वाचवली हेही विचारायला हवं. 2025 च्या सुरुवातीला देशातली सौरऊर्जेची क्षमता शंभर गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारी बारा-एकला उन्हाची वीज एवढी येते, की कोळशाच्या संचांना भार उतरवायला सांगावं लागतं. सूर्य मावळला की ती संपते, आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. संध्याकाळचा तो चढ चढायला कोळसा लागतो आणि कोयना लागते. कोयनेच्या पोफळीच्या वीजगृहात दादाबरोबर आला होतात तेव्हा मी तुम्हाला दाखवलं होतं, काही मिनिटांत संच कसा भार घेतो ते. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच. त्याहून जास्त वळवता येत नाही. संध्याकाळी आपण जो भार कमी करतो, त्यानं ते पाणी पुढच्या संध्याकाळसाठी उरतं. वर्षातून एका शनिवारी नाही, रोज सात ते दहा या वेळात इस्त्री, धुलाई यंत्र, गीझर बंद ठेवा. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे त्यांना दिवसा वापरलेल्या विजेवर आता दरात सवलतही मिळते.

आणि हे मी तुम्हाला सांगावं, यात मला संकोच वाटतो. ऊर्जानगरच्या चिमण्या तुमच्या गच्चीवरून दिसतात. 2920 मेगावॅटचं केंद्र, पाणी इरई धरणाचं, कोळसा तुमच्या आजूबाजूच्या खाणींतला, राख तुमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं अतिप्रदूषित ठिकाणांची यादी केली, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. ती वीज आमच्याकडे येते. ऐरोलीत रात्री काचेच्या इमारती रिकाम्या असूनही मजलेच्या मजले उजळलेले असतात. दिवे मालवायला आधी त्यांना सांगायला हवं. मी आमच्या नगरसेवकाला पत्र लिहिलं आहे, दोन कंपन्यांच्या व्यवस्थापकांनाही. उत्तर आलं की कळवीन.

शनिवारी दिवे मालवाच. मुलं गच्चीवर जमतील, तुम्ही त्यांना चिमण्या दाखवाल, वीज कुठून येते ते सांगाल, आणि तो तास सत्कारणी लागेल. मात्र जिन्यातले दिवे चालू ठेवा. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत उतरतात आणि तुमचा उजवा गुडघा कसा आहे ते मला ठाऊक आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर पत्राच्या समासात आडवं लिहिलेलं एक वाक्य पुन्हा वाचलं. ‘या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कूलर लावायचा नाही असं ठरवलंय, तेवढाच पर्यावरणाला हातभार.’ वहिनी, हे काय आहे? काल ते वाचलं आणि आज दिवसभर दुसरं काही सुचत नाही. मार्च संपत नाही तोच तुमच्याकडे पारा चाळिशीवर आहे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद खोलीत, एकटीनं, बहात्तराव्या वर्षी, चार तास? ऊन लागायला उन्हातच जावं लागतं असं नाही, घरातही लागतं. या वयात तहान लवकर कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. तुमची तशी आहे का, हे डॉक्टरांना विचारून मला कळवा.

आणि हिशेबानंही ते चूक आहे. तुमचा कूलर दोनशे वॅटचा, चार तासांचं एक युनिटही होत नाही, आणि तीच वेळ अशी, की तेव्हा वीज सगळ्यात स्वच्छ असते. तुम्ही नेमकी तीच वाचवायला निघालात. वाळ्याच्या ताट्या बदलून घ्या, मागच्या वर्षीच्या कुजल्या असतील. कूलरमध्ये पाणी भरा, खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. उन्हाच्या कडाक्यात कोरड्या हवेचा नुसता पंखा अंगावर घेऊ नका, तो गरम वाराच फेकतो. पन्हं करून ठेवा. बाजारहाट सकाळी नऊच्या आत. दुपारी एकला नातवानं फोन करावा, असं मी त्याला सांगतो आहे, तुम्हाला राग आला तरी. तुम्हाला टायपिंग करून द्यायला निघालेल्या मुलानं एवढं नक्की करावं.

दुपारी बारा ते चार कूलर चालू ठेवा. ही विनंती आहे, आणि दादा असता तर त्यानं हुकूम केला असता. तशी चिठ्ठी उलट टपाली पाठवा, मराठीत टाइप करून, चुका तशाच ठेवून.

आपला,
धाकटा दीर