मागचा पांढरा दिवा

गाडीचा रिव्हर्सचा दिवा गेला, हे ती चालवणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं. हेडलाइट गेला तर समोर अंधार होतो, ब्रेकचा गेला तर मागचा कुणीतरी शिवी हासडतो. रिव्हर्सचा गेला की थेट भिंतच सांगते.

आमच्या घरी पहिली आली ती जुनी महिंद्रा जीप. तिला मागे पांढरा दिवा नव्हताच. तिचा रिव्हर्सचा दिवा म्हणजे मी. आप्पा जिनिंगवरून रात्री परतले की शिरपुरातल्या आमच्या अरुंद गल्लीत जीप मागे घ्यायची असे. “मांगे देख रे,” एवढंच ते म्हणायचे. मी बॅटरी घेऊन उतरायचो आणि पत्र्यावर थापा मारायचो. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक जोरात म्हणजे थांबा. आग्रा रोडवरच्या ढाब्यांवर ट्रकांचे किन्नर हेच काम करत. बिजासनचा घाट उतरून आलेला ट्रक मागे लावताना त्यांचं “आने दे, आने दे” लांबवर ऐकू येई. (त्या महामार्गाचा नंबर 3 होता, तो आता 52 झालाय. आमच्या तोंडात मात्र आग्रा रोडच.) गाडी मागे घेणं हे तेव्हा दोन माणसांचं काम होतं. दिवा आला आणि त्यातलं एक माणूस कमी झालं, असं मला नेहमी वाटतं.

मग गाणाऱ्या गाड्यांचा काळ आला. रिव्हर्स टाकला की मारुतीतून जगदीशाच्या आरतीची चाल वाजायची, आणि कॉलनीत कोण किती वाजता घरी आलं ते सगळ्यांना कळायचं. मला तो प्रकार कधीच आवडला नाही. पण माझी 2004 ची बोलेरो आधीच्या मालकाकडून आली ती हे बाजं घेऊनच, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

पंधरा वर्षं झाल्यावर गाडी पुन्हा पासिंगला न्यायची होती. दिवे तपासताना लक्षात आलं की मागचे दोन्ही पांढरे दिवे बंद आहेत, आरती मात्र ठणठणीत. करवंद नाक्याकडच्या लाइटवाल्याकडे गेलो. त्यानं गाडी चालू न करता नुसती चावी फिरवायला लावली आणि रिव्हर्स टाकायला सांगितला. आरती सुरू झाली. “म्हणजे फ्यूज चांगला, गिअर बॉक्सवरचं बटणही चांगलं,” तो म्हणाला. हे बटण म्हणजे साधी करामत आहे. रिव्हर्स पडला की आतला दांडा एक छोटी गोळी दाबतो, दोन वायरी जोडल्या जातात आणि करंट मागे जातो. तोच करंट बाज्यालाही मिळत होता. तेव्हा बिघाड त्याच्या पुढे, दिव्यांपाशीच असणार.

डावा बल्ब काढला तर काच आतून काळी. तो बहुधा कधीच गेला होता. उजव्यावर भागत होतं म्हणून कुणाला पत्ता नाही. उजव्याची तार शाबूत होती. लाइटवाल्याकडे टेस्टर म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी, बस. एक टोक होल्डरच्या टाचणीला, दुसरं चेसिसच्या बोल्टला लावलं. टेस्टर लख्ख पेटला. मग तेच दुसरं टोक होल्डरच्या काळ्या वायरीला लावलं. टेस्टर विझला. “सर, बल्बनी काय चूक? त्याले अर्थच भेटत नही.” मला ब्रेक दाबायला सांगितला, तर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटला. परतीची वाट बंद झाल्यानं करंट शेजारच्या बल्बातून वाट काढत होता. काळ्या वायरीचं टोक बॉडीला जिथं स्क्रूनं बसवलेलं असतं तिथं पावसाचं पाणी झिरपून, वर धूळ बसून, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यासारखं सगळं हिरवं कळकलेलं होतं. त्यानं पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवा थिंबल दाबला, स्क्रू पिळला, वर ग्रीस चोपडलं. डावा बल्ब नवा घातला.

मी हौसेनं विचारलं, जरा जास्त उजेडाचे बल्ब घालू या का? त्यानं मान हलवली. मूळ बल्ब एकवीस वॅटचा. बारा व्होल्टवर दोघांचे मिळून साडेतीन अँपिअर, तेवढं बटण सोसतं. पंचावन्नचे घातले तर नऊच्या वर जातं, मग बटणातले पॉइंट जळतात. घालायचेच तर मध्ये रिले हवा. एकवीसच राहू दिले.

परवा पुतण्या नवीन गाडीची तक्रार घेऊन आला. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, ते त्याच्या गाडीला होतेच. कॅमेरा त्यानं बाहेरून बसवून घेतला होता. “काका, रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळीच राहते. कॅमेरा बदलू का?” असले कॅमेरे बहुतेक रिव्हर्सच्या दिव्याच्याच वायरीवर जोडलेले असतात. मी म्हटलं, आधी मागचा दिवा लागतो का ते बघून ये. तो बघून आला, लागत नव्हता. मग कॅमेऱ्याचं बिल लांबणीवर टाकून आम्ही डिकीतलं अस्तर उचकटलं.