कारवीची वही

सह्याद्रींतील कारवी आठ वर्षांतून एकदांच बहरते आणि बीं धरून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत ती २०१६ सालीं फुलली, पुढें २०२४ सालीं. हायस्कुलांतील मुक्काम कांहीं आठ वर्षांचा नसतो (नापासांची गोष्ट निराळी!), म्हणून आम्हीं एक समाईक वही घातली आहे. पाऊलवाटेकडेच्या त्याच त्या झुडुपांपाशीं जाऊन पालवी, कळी, फूल, बोंड यांच्या तारखा तींत टिपतों. छायाचित्रें ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर पाठवितों, तेथें दूरदूरचे जाणकार नांव पडताळून पाहतात. एखादें झुडूप सोबत्यांआधींच फुलतें. त्या उतावळ्याची नोंद आम्हांस विशेष मोलाची वाटते. २०३२ सालीं ही वही उघडणारीं मुलें आज मुळाक्षरें गिरवीत आहेत. त्यांस वाचतां यावें इतकें सुवाच्य लिहा, अशी गुरुजींची ताकीद आहे.