कच्चा कापूस

लहानपणी दिवे गेले की आम्हा भावंडांचा एक खेळ असे. गोधडीत शिरायचं, ती डोक्यावरून ओढून घ्यायची आणि दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासायच्या. दगडाच्या पोटात पिवळसर उजेड हलायचा, जळकट वास सुटायचा. आता विस्तव आलाच, असं वाटायचं. तो कधी आला नाही. गोधडी जाळाल म्हणून आई ओरडायची. ओट्यावरून आजा म्हणायचा, "घासू दे त्यास्नी. थंड उजेड हाय त्यो."

थंड उजेड म्हणजे काय, ते फार उशिरा कळलं. गार गारेवर घासली की तिचे स्फटिक तुटतात आणि त्या तुटण्यातून नुसता प्रकाश बाहेर पडतो. त्यावर कापसाची तारसुद्धा पेटत नाही. विस्तवाला लोखंड लागतं. गारेची धार पोलादावर निसटती बसली की पोलादाचा बारीक कीस उडतो. ओरबाडल्याच्या धगीनं तो लाल होतो आणि हवा लागताच जळू लागतो. तीच ठिणगी. आपण कौतुक दगडाचं करतो. जळतं ते लोखंड.

आज्याच्या चंचीत पान, तंबाखू, चुन्याची डबी आणि त्यांच्या शेजारी तीन वस्तू असत. बोटभर पोलादाचा तुकडा, एक गार आणि बांबूच्या नळकांड्यात सावरीचा कापूस. तो कापूस काळपट असे. चंचीच्या मळानं झाला असेल, असं मला वाटे. काडेपेटी घरात होती, पण आज्याचा तिच्यावर भरवसा नव्हता. पावसाळ्यात काडी सर्दावते. गार भिजली तर धोतराला पुसली की झालं. जपायचा तो कापूस, म्हणून नळकांड्याला घट्ट बूच.

आजा गेला, चंचीही गेली. गेल्या मार्गशीर्षात गावी गेलो तेव्हा हौस आली. सुताराकडून झिजलेली कानस मागून घेतली. तिचं पोलाद कडक, ठिणगीला चांगलं. गारगोटी माळावर हवी तेवढी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले, ते थंड होताना त्यांत पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत गार साकळली. काळा कातळ झिजून माती झाला. गार टणक, ती उघडी पडली. सावरीचा कापूस मी वैशाखातच झाडाखालून वेचून ठेवला होता.

जमीन साफ केली, पाण्याची कळशी जवळ ठेवली. माळाचं वाळलं गवत आणि वारा, वणव्याला याहून जास्त काही लागत नाही. मग गारेच्या धारेशी कापूस अंगठ्यानं दाबून कानस हाणत बसलो. बोटांची सालटी निघाली. ठिणग्या भरपूर पडल्या. प्रत्येक ठिणगी त्या रेशमी पांढऱ्या कापसावर बसे आणि विझून जाई.

मेंढरं वळत एक म्हातारे धनगर आले. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले.

"पाव्हणं, कापूस कच्चा हाय की."

"म्हणजे?"

"आदी जाळून घ्या त्येला. जळल्याबिगर ठिणगी धरायचा न्हाय."

आज्याच्या कापसाचा तो काळा रंग तेव्हा आठवला. मळ नव्हताच तो.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डबीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं, आत कापूस आणि जुन्या धोतराची चिंधी कोंबली आणि डबी निखाऱ्यावर ठेवली. भोकातून धूर निघत राहिला. तो थांबला तशी डबी उतरवली, पण गार होईपर्यंत उघडली नाही. लाल असताना हवा लागली असती तर आत राखच उरली असती. कच्च्या कापसाला पेटण्याआधी पुष्कळ धग खावी लागते, आणि तेवढी धग एका ठिणगीत नसते. हा काळा कापूस मात्र ती धग आधीच खाऊन बसलेला. त्याला फक्त निमित्त हवं.

तिसऱ्या फटक्याला एक ठिणगी बसली आणि विझली नाही. मोहरीएवढा लाल ठिपका जाळ न करता पसरू लागला. बाभळीखाली पडलेलं सुगरणीचं रिकामं घरटं आणून ठेवलं होतं. ठिपका त्यात ठेवला, ओंजळीत धरून हलकेच फुंकर घातली. आधी धूर, मग दाट धूर, मग एकदम जाळ.

हे पेटवण जपायला माणूस ठिकठिकाणी शिकला. कोकणात, गोव्यात भेरली माडाच्या झावळीच्या बुडाशी मऊ लव मिळते, तीही या कामाची. आल्प्सच्या बर्फात 1991 साली पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, त्याच्याही थैलीत विस्तव धरणारी अळंबी होती. ठिणगी वाटेत पाडता येते, कापूस मात्र घरून निघतानाच जवळ असावा लागतो.

पोलाद, गार आणि कापूस या तिन्ही वस्तूंना मिळून आमच्याकडे नाव एकच: चकमक. शब्द मूळचा तुर्कांचा. त्यांच्याकडे लायटरला आजही 'चाकमाक' म्हणतात. आपल्याकडे वस्तू गेली आणि शब्द वर्तमानपत्रात राहिला. गडचिरोलीत चकमक, सीमेवर चकमक. शब्दानं दगड आणि लोखंड तेवढं लक्षात ठेवलं. कापूस विसरला.

धनगरबाबा संध्याकाळी परत आले. जाळ पाहून काही बोलले नाहीत. खाली बसले, चिलीम भरली, दोन काटक्यांच्या चिमट्यात एक निखारा उचलला आणि तिच्यावर ठेवला. पूर्वी शेजारी गोवरीवर असाच विस्तव मागून नेत. ज्यांच्यात बिनसलं, त्यांच्यात आडवा विस्तव जाईना.

"येतो पाव्हणं," ते म्हणाले, "तुमचा इस्तू घिऊन चाललो." चिलमीचा लाल ठिपका माळावरून दूर जात राहिला. मी कळशी ओतून माझा जाळ विझवला. तो ठिपका अजून दिसत होता.