देवगडचा आडोसा

डिसेंबरातला कोकण किनारा शिडाच्या बोटीला धार्जिणा असतो. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दुपारी वायव्येचा खारा वारा शिडात भरतो, आणि या दोघांच्या भरवशावर दक्षिणेला उतरत जाता येतं. मांडव्याहून गोव्यापर्यंतचा आमचा बेत याच हिशेबाने आखलेला होता. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम ठरलेले होते.

साल 2017. विजयदुर्ग मागे पडलं आणि वारा मेला. शीड ढिलं होऊन डोलकाठीवर थपाथप आपटू लागलं. पाणी मात्र खालून उचलत होतं. दक्षिणेकडून लांबलचक, गुळगुळीत लाट यायची. तिला फेस नाही, आवाज नाही. बोट सावकाश वर चढायची, सावकाश उतरायची, आणि पुढची लाट बऱ्याच वेळाने यायची. वादळात उठलेल्या लाटांपैकी ज्यांची लांबी जास्त, त्या जास्त वेगाने पळतात. म्हणून वाऱ्यापावसाच्या आधी त्याच येऊन पोचतात. हर्णैच्या तांडेलकाकांनी तिकडे एकदा पाहिलं. "वारा नाय आनि पानी फुगतंय. फुडं जायाचं नाय."

ओखी वादळ कन्याकुमारी आणि लक्षद्वीपला झोडपून गुजरातच्या रोखाने वर सरकत होतं. त्यात दत्तजयंतीची पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. काकांनी सुकाणू देवगडकडे वळवलं.

देवगड आमच्या यादीत नव्हतं. पण हवा बिघडली की किनाऱ्याचा नकाशा निराळ्या नजरेने वाचावा लागतो. सुंदर पुळण कुठे, जेवण चांगलं कुठे, हे सगळं बाजूला राहतं. कोणत्या वाऱ्याला कुठे आडोसा आहे एवढंच बघायचं. विजयदुर्गाच्या आत वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची जहाजं विसावायची, ती अशाच आडोशाला. देवगडला किल्ल्याची टेकडी समुद्राला आडवी उभी आहे. तिला वळसा घालून आत शिरलो आणि बोटीचं डोलणं थांबलं. काकांनी खोलीच्या पाचपट साखळी सोडली, आणि नांगर धरतोय याची खात्री होईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

आजूबाजूला केरळ-तमिळनाडूच्या मासेमारी बोटी दाटीने लागल्या होत्या. वादळाने त्यांना घरापासून शेकडो मैल वर लोटलं होतं. बंदराजवळच्या एका दुकानात फळीवर त्यांचे मोबाईल ओळीने चार्जिंगला लावलेले होते. एकाचा वाजला. बाहेर बसलेला पोरगा धावत आला, तारेसकट तो कानाला लावून नुसता "अम्मा, अम्मा" म्हणत राहिला. तार आखूड होती, म्हणून गल्ल्यावर वाकून बोलत होता. दुकानदाराने गिऱ्हाईक थांबवलं, तराजू बाजूला सारला आणि त्याला स्टूल दिलं. देवगडचा हापूस जगाला ठाऊक आहे. मला या गावाची थोरवी त्या स्टुलात दिसली. ओखीने दक्षिणेतले कितीतरी मच्छीमार परत येऊ दिले नाहीत, हे त्या वेळी तिथे सगळ्यांना माहीत होतं.

सहलीचा बेत मोडला म्हणून हळहळणं मला तिथे शोभेना. आमच्याकडचे तांदूळ, कांदे, चहा-साखर आम्ही शेजारच्या बोटीवर दिले. त्यांनी लगेच चूल पेटवली आणि काकांना खुणेनेच जेवायला बोलावलं. काका गेले. भाषेवाचून त्यांचं काहीच अडलं नाही. इंजिन, जाळं, डिझेल यांवर ते रात्री उशिरापर्यंत हातवारे करत बसले होते.