पागोट्याखालचा माणूस

चि. भाच्यास,



तुला ऐतिहासिक सिनेमात मावळ्याचं काम मिळालं, तेही संवाद असलेलं, हे ताईकडून कळलं तेव्हा तुझ्या मावशीने शेजारीपाजारी पेढे वाटले. आणि परवा फोनवर तू काय म्हणालास? जुने ऐतिहासिक सिनेमे म्हणजे चिकटवलेल्या दाढ्या आणि घशाच्या शिरा ताणून म्हटलेली वाक्यं, त्यातून शिकण्यासारखं काय आहे? त्याच दमात विचारलंस, शूटिंगआधी जिममध्ये छाती किती कमवू. भालजी पेंढारकरांचा सिनेमा टीव्हीवर लागला की तुझे आजोबा घरात कुणाला मोठ्याने बोलू देत नसत. त्या घरातल्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मावशीला रात्रभर झोप लागली नाही.

छातीचा प्रश्न आधी संपवू. जुलै १६६० मध्ये भर पावसात, रात्रीच्या अंधारात, शिवाजी महाराजांबरोबर पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघालेली बांदलांची माणसं आरशासमोर वजनं उचलून तयार झाली नव्हती. ती चढउतारावर घडलेली, काटक, लांब दमाची माणसं. त्यांची ताकद पोटऱ्यांत आणि श्वासात होती. तेव्हा दंड फुगवू नकोस. पहाटे उठून टेकडी चढ, उकिडवं बसायला शीक, मांडी घालून तासभर ताठ बसता येतं का बघ. खुर्चीत वाढलेल्या मुलाची पाठ बाराबंदीतही लपत नाही.

मुद्दा हाच आहे. जुना काळ कपडेपटातून येत नाही आणि संगणकावर उभारलेल्या किल्ल्यांतूनही येत नाही. तो नटाच्या बसण्या-उठण्यातून, हात धुण्यातून, वडीलधारं माणूस दारात आलं की आपोआप सावरल्या जाणाऱ्या पदरातून येतो. पागोट्याखाली माणूस नसेल तर पागोटं कितीही अस्सल असलं तरी उपयोग नाही. हे ज्यांनी करून दाखवलं त्यांनाच तू निकालात काढतोस, म्हणून हे एवढं लांब पत्र.

‘संत तुकाराम’ बघ. १९३६ सालचा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे तुला माहीत असेल. पण मावशी तुला तो तुकारामांच्या बायकोसाठी, आवलीसाठी बघायला सांगते आहे. आवली झालेली गौरी प्रभातच्या कामगारांतून पुढे आलेली बाई, कुठल्या नाट्यशाळेत घडलेली नव्हे. ती म्हशीला ओढते, पोरांवर ओरडते, नवऱ्यावर करवादते, आणि यात कुठेही ‘मी सतराव्या शतकातली आहे’ असं दाखवायला जात नाही. तिला माणसं पोसायची आहेत एवढंच तिला ठाऊक आहे. म्हणून देहू खरं वाटतं. विष्णुपंत पागनीसांनी आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. हा माणूस तुकाराम कसा शोभेल अशी शंका तेव्हाही घेतली गेली. पडद्यावर त्यांनी काय केलं? चेहऱ्यावरचं सगळं काढून टाकलं. भजन म्हणताना त्यांचा चेहरा इतका मोकळा असतो, की बघणारा वाद घालायचं विसरतो.

आणि ‘रामशास्त्री’! १९४४. तुला हा एकच सिनेमा बघायला वेळ असेल तर हाच बघ. गजानन जागीरदारांनी यात रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका केली आणि दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून होतो, आणि न्यायाधीश राज्यकर्त्यालाच, रघुनाथरावाला, दोषी ठरवतो. आजचा कुणी दिग्दर्शक इथे ढोल वाजवेल, कॅमेरा गरगर फिरवेल. जागीरदारांचा रामशास्त्री दम खाऊन, तोलून बोलतो. त्याचं शास्त्र त्याच्या अंगात मुरलेलं आहे, म्हणून त्याला दरडावावं लागत नाही. समोर ललिता पवारांची आनंदीबाई. ‘ध’ चा ‘मा’ करणारी म्हणून जिचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक, ती बाई पडद्यावर साकारायची म्हणजे सोपं काम नव्हे.

या एका सिनेमाची वंशावळ सांगते. प्रभातच्या पुण्यातल्या ज्या आवारात तो घडला, तिथेच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिच्या पहिल्या प्रमुखांत जागीरदार होते. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी त्यांनी ‘स्वामी’ ही मालिका केली. त्यात रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमा. आपल्या घरी त्या मालिकेच्या वेळी चहासुद्धा कुणी मागत नसे, हे तुझ्या आईला विचार. तीच रमा, म्हणजे मृणाल कुलकर्णी, २०१४ मध्ये ‘रमा माधव’ची दिग्दर्शक झाली, आणि त्यात मंकणी नानासाहेब पेशवे झाले. पेशवाईतलं माणूस कसं बसतं, नजर कुठे ठेवतं, हे एका पिढीकडून दुसरीकडे असं गेलं. पुस्तकातून ते जात नाही. त्या साखळीला आता तू जोडला जाणार आहेस, आणि म्हणतोस शिकण्यासारखं काय आहे!

कोल्हापूरबद्दल तुला चार शब्द सुनावायलाच हवेत. १९३० मध्ये, तेव्हा कोल्हापुरात असलेल्या प्रभातने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव इंग्रजांच्या सेन्सॉरने चालू दिलं नाही, म्हणून तो ‘उदयकाल’ झाला. महाराजांच्या भूमिकेत खुद्द व्ही. शांताराम. एका शब्दासाठी सरकारशी गाठ पडायची, असा तो काळ. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत खाक झाला. त्या राखेतून उठून त्यांनी १९५२ मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ उभा केला, चंद्रकांत मांडरे महाराज आणि पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंह. चंद्रकांत मूळचे चित्रकार. त्यांच्या चित्रांचं संग्रहालय कोल्हापुरात आहे, जाऊन ये. त्यांचं पडद्यावरचं उभं राहणं बघितलंस की कळेल, चौकटीत आपण कुठे आहोत हे त्या माणसाला न सांगता समजत होतं. आणि १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये सुलोचनाबाईंची जिजाऊ! आवाज न चढवता हुकूम कसा द्यायचा, हे त्यांच्याकडून शिकावं. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने त्या सिनेमाला संगीत दिलं होतं, हेही लक्षात ठेव.

संवाद मोठ्याने म्हणत, ही तुझी तक्रार काही ठिकाणी खरी आहे. रंगमंचावरून आलेल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय होती. पण भालजींची वाक्यं मोठ्याने म्हणून बघ, मधे श्वास कुठे घ्यायचा हे ती स्वतःच सांगतात. तुझ्या हातात पडलेल्या संवादांत तशी सोय असेल का, याची मावशीला शंका आहे.

कपडेपटाला कमी लेखते आहे असं मात्र समजू नकोस. कोल्हापूरच्याच भानू अथय्यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. पुढे ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार. कापडाचा पोत, सुरकुती, मळ यांतून माणूस कुठल्या थरातला आहे हे त्या सांगत. म्हणून कपडे शूटिंगच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नकोस. आधी मागून घे, घरी घाल, त्यातच जेव, त्यातच झोप. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावेने शालू नेसला, पण प्रेक्षकांना बालगंधर्व दिसले ते खांद्याच्या झुकण्यातून आणि बोटांतून. विक्रम गायकवाडांना त्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगभूषा आणि नटाचं अंग एकमेकांना धरून चाललं, म्हणून तो सिनेमा उभा राहिला. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तल्या नंदू माधवचे फाळके बघ. थोर पुरुष दाखवायचा ताण त्यांच्या अंगावर कुठे दिसत नाही. एका कल्पनेने झपाटलेला गृहस्थ दिसतो.

आजचे सगळेच वाईट, असं म्हणणाऱ्यांतली मावशी नव्हे. दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’मध्ये अजय पूरकरांचा बाजीप्रभू बघताना ती थिएटरात रडली आहे, आणि चिन्मय मांडलेकरांच्या महाराजांचं शांत ऐकून घेणं तिला फार आवडलं. त्याच मांडलेकरांना २०२४ मध्ये कुटुंबावर झालेल्या शिवीगाळीनंतर ही भूमिका पुन्हा करणार नाही असं जाहीर करावं लागलं. ते वाचल्यापासून मावशीच्या मनात तुझी काळजी आहे. लोक भूमिकेवर जीव टाकतात आणि नटाच्या दारात जाऊन त्याच्या घरच्यांचा हिशेब मागतात. तू लहान भूमिकेत आहेस म्हणून सुटशील असं समजू नकोस. कुठे काही बोलण्याआधी, कुठला फोटो टाकण्याआधी दहादा विचार कर.

आणखी एक काळजी आहे. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली. भानूताईंनी स्वतःचं ऑस्कर २०१२ मध्ये अकादमीकडे परत पाठवलं, ते इथे नीट जपलं जाईल याची त्यांना खात्री नव्हती. असं असताना तुझ्या पिढीने जुने सिनेमे बघायचेच नाहीत म्हटलं तर ते सांभाळायचे कुणासाठी? तुझे मित्र जमव. पुण्यात चित्रपट संग्रहालय आहे, तिथे काय दाखवतात याची चौकशी कर. मोबाइलवर तुकडे बघून मत बनवू नकोस.

आता जिवाचं. ललिता पवारांच्या डाव्या डोळ्याला चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने कायमची इजा झाली, हे विसरू नकोस. घोड्यावर बसायचं असेल तर आधी शिकूनच बस, सेटवर ‘जमेल’ म्हणू नकोस. दांडपट्टा, तलवार शिकायला कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या वस्तादांकडे जा. तिथे आधी पाय शिकवतात, मग हात, आणि तुला नेमकं तेच हवं आहे. डमी तलवारीची धार आपल्या हाताने तपास. फाइट मास्टर घाई करत असला तरी तालीम पूर्ण झाल्याशिवाय टेक देऊ नकोस. दाढीच्या स्पिरिट गमने तुझी कातडी लहानपणी गांधीलमाशी चावली होती तेव्हासारखी सुजेल का, हे आधी कानामागे लावून बघ. उन्हात बाराबंदी आणि पागोट्यासह दिवसभर उभं राहायचं आहे, पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेव. डायटच्या नावाखाली जेवण तोडलंस तर ताईला फोन जाईल.

शेड्यूल कुठल्या गावी आहे आणि विमा काढला आहे की नाही, हे दोन्ही उलटटपाली कळव. विमा नसेल तर निर्मात्याकडे स्पष्ट माग, लाजू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. ‘रामशास्त्री’ बघून झाला की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर. जागीरदार निकाल देतात तेव्हा त्यांचे हात कुठे असतात, हे मावशी विचारणार आहे.