बिऱ्हाड पाठीवरून पोटात

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. आमचे मात्र बरीच वर्षे मोटारीच्या शेपटीला होते! मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून आम्ही सुट्टीत हिंडत असू. आता ती देऊन मोटरहोम घेतले. बिऱ्हाड थेट पोटात गेले.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत पवनी गाठली आणि दोहोंतला फरक उमगला. मागचा डबा घासेल ही धास्ती सरली, गाडी मागे घेताना होणारे आमचे भांडणही मिटले. पण पूर्वी दमणीचे बैल सोडावेत तशी मोटार सोडवून गावात नेता येई. मोटरहोमचे बैल सुटत नाहीत! आईचे गुडघे दुखरे. तिला वैनगंगेचा घाट कसा दाखवायचा?

मोटरहोम गावाबाहेर ठेवले, आईसाठी रिक्षा केली. जुन्या तटाचे मातीचे उंचवटे पाहिले. १९६९-७० च्या उत्खननात जिथे दोन हजार वर्षांहून जुना स्तूप सापडला, ती जगन्नाथ टेकडी पाहिली. संध्याकाळी आई घाटावर निवांत बसली.

तेव्हा मंडळी, एकाच गावी आठवडाभर राहायचे तर कॅरॅव्हॅन बरी. रोज नवे गाव हवे असेल तर मोटरहोम घ्या, आणि रिक्षाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.